वूचच्या गिरण्या

वूच, पोलंड

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

कामानिमित्त मला काही महिने वूच येथे राहावे लागणार, हे कळताच वॉर्सातील सहकाऱ्यांनी माझे जवळजवळ सांत्वनच केले होते. पाहायचे असेल तर क्राकूव पाहावे. वूचमध्ये बंद गिरण्या आणि काजळलेल्या भिंती यांखेरीज काय आहे, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र हे शहर मनापासून आवडले आहे, आणि ते का, हे बाबांना चटकन कळेल.

बाबा, हे शहर गिरण्यांनीच वसवले. १८२० साली येथे हजारभरसुद्धा वस्ती नव्हती; पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ती पाच लाखांच्या घरात गेली होती. पोलिश, जर्मन आणि ज्यू लोकांनी मिळून उभारलेल्या या शहरातील ज्यू समाज नाझींनी जवळजवळ संपवला. कापड मात्र त्यानंतरही विणले जात होते. १९८९ नंतर राजवट बदलली, सोव्हिएत गिऱ्हाईक गेले आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यानंतर कामगारांच्या घरात काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको.

पण येथे गिरण्या पाडल्या नाहीत, निदान सगळ्या नाहीत. पोझ्नान्स्कीच्या अवाढव्य गिरणीत २००६ साली ‘मानुफाक्तुरा’ नावाचे बाजारसंकुल सुरू झाले, तेव्हा लाल विटांच्या इमारती तशाच ठेवल्या गेल्या. सूतगिरणीत आता हॉटेल आहे आणि आग विझवण्यासाठी छतावर बांधलेल्या पाण्याच्या टाकीचा तरणतलाव झाला आहे. शेवटी हा मॉलच, हे मी विसरलेले नाही. मालकाचा महाल शेजारीच दिमाखात उभा आहे आणि रस्त्यापलीकडची कामगारांची घरे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिली. तरीही लोअर परळला काचेच्या मनोऱ्यांमधून जाताना गिरणी नेमकी कुठे होती हे तुम्हाला बोट दाखवून सांगावे लागते, तसे येथे कोणाला सांगावे लागत नाही. शाय्ब्लरच्या गिरणीभोवतीची कामगारांची वस्ती तर मला अधिक आवडली. विटांच्या दुमजली घरांच्या रांगा, मधून फरसबंदी गल्ली, जवळच कामगारांच्या मुलांसाठी बांधलेली शाळा. आणि त्या घरांत आजही माणसे राहतात.

गायर नावाच्या कारखानदाराच्या पांढऱ्या गिरणीत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय आहे. तेथील एका वयस्कर बाईंनी आमच्यासाठी कापड विणायचा साचा चालू करून दाखवला. एकच साचा होता, पण धोटा इकडून तिकडे आदळू लागताच पायाखालची फळी थरथरली आणि शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. असे शेकडो साचे एका खात्यात चालत असतील, तर बाबा घरात अजूनही एवढ्या मोठ्याने का बोलतात, याबद्दल आईने यापुढे तक्रार करू नये. सूत तुटताच बाईंनी साचा थांबवला, दोन्ही टोके बोटांत धरली आणि आमच्याकडे बघत बोलता बोलताच गाठ मारली.

आई, माझ्या जेवणाची काळजी नसावी. बटाटा आणि ताजे चीज भरलेले पिएरोगी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात आणि त्यांची मुरड तुझ्या करंजीच्या तोडीची नसली, तरी पोट भरते. थंडी आहे, पण घरे उबदार असतात. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याआधीच आणून ठेवाव्यात.

माझे वडील मुंबईत साच्यावर होते, असे मी सांगितल्यावर त्या बाईंनी दोन गोष्टी विचारल्या: एका माणसाकडे किती साचे असत आणि रात्रपाळीला बायका असत का. दोन्हींची उत्तरे बाबांनी सविस्तर लिहून पाठवावीत. मी ती त्यांना पोलिशमध्ये सांगण्याची व्यवस्था करीन.

तुमची लेक