रिकाम्या खुर्चीचाही हिशेब मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तिजोरीत खडखडाट असताना स्थानिक आरोग्यसेवांनीही थोडी कळ सोसावी, असा आपल्या अग्रलेखाचा सूर होता. तूट खरी असते, हे मला मान्य आहे. पण क्षयरोग नियंत्रणाच्या कामात मी आरोग्यसेविका म्हणून उभी हयात घालवली. ही कळ कोणाच्या अंगावर येते, ते डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्याकडे काटकसर 'कपात' या नावाने कधी आलीच नाही. एक बाई निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरली नाही. त्यांचे काम 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून दुसरीच्या गळ्यात पडले. मग प्रवासभत्त्याची बिले अडकली. कागदावर कार्यक्रम जसाच्या तसा चालू होता, घरभेटी तेवढ्या बंद झाल्या. रुग्णालयातल्या खाटा कमी केल्या तर दुसऱ्याच दिवशी नातेवाईक आवाज उठवतात. घरभेट थांबल्याची तक्रार करायला कोणीही येत नाही.

क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. पण दोन महिन्यांतच खोकला थांबतो, ताप जातो, अंग भरू लागते. माणूस कामाला लागतो आणि गोळ्या फळीवर पडून राहतात. अशा एका तरुणाच्या दारी मी लागोपाठ चार दिवस गेले. तीन दिवस तो आतूनच 'घरी नाही' असे सांगायला लावत होता. चौथ्या दिवशी त्याच्या आईने गोळ्यांची पिशवी माझ्यासमोर उपडी केली. १७ दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या. उंबऱ्यात बसून तासभर बोलले, तेव्हा कुठे त्याने माझ्यादेखत गोळी घेतली. तो तास कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. पण उपचार अर्धवट राहिले की औषधांना दाद न देणारा क्षय उद्भवू शकतो, तो घरातल्या इतरांनाही होऊ शकतो आणि त्याच्यावरचा खर्च कित्येक पटींनी वाढतो.

न्यूयॉर्कने हे शहराच्या पातळीवर भोगले. १९७० च्या दशकात ते शहर दिवाळखोरीच्या काठावर आले आणि क्षयरोगाचे दवाखाने व कर्मचारी कमी होत गेले. पुढे एचआयव्ही आणि बेघरपणाची भर पडली. १९९२ साली तिथे ३,८११ रुग्ण नोंदले गेले. साथ आटोक्यात आणायला एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाल्याचा अंदाज आहे. त्यातला मोठा उपाय कोणता होता? रुग्णाने आपल्यासमोर गोळी घेतली की नाही, हे पाहणारी माणसे पुन्हा नेमणे.

पाण्याचेही तसेच. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात १९९६ साली सरकारी प्रयोगशाळांनी गावोगावच्या पाण्याची तपासणी बंद केली आणि ते काम खासगी प्रयोगशाळांकडे गेले. दूषित नमुना सापडला तर आरोग्य अधिकाऱ्यांना कळवलेच पाहिजे, असे बंधन मात्र त्यांच्यावर घातले नाही. मे २००० मध्ये वॉकरटन या छोट्या गावात अहवाल फक्त पाणीपुरवठा करणाऱ्यांकडे गेला आणि त्यांनी तो दडवला. सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, सात दगावली. क्लोरीनच्या खोट्या नोंदी करणारे दोषी होतेच. पण चौकशी आयोगाने सरकारच्या खर्चकपातीवरही बोट ठेवले.

यावर 'आरोग्याचा निधी राखीव ठेवा' असे सुचवले जाते. मलाही पूर्वी तेवढे पुरेसे वाटायचे. इंग्लंडमध्ये २०१३ पासून सार्वजनिक आरोग्य स्थानिक परिषदांकडे आहे आणि त्यासाठीचे अनुदान राखीवच आहे. तरी २०१५ मध्ये चालू वर्षातच त्यातून २० कोटी पौंड काढून घेतले गेले. राखीव रकमेला दुसरे कोणी हात लावू शकत नाही, पण देणारा ती केव्हाही कमी करू शकतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेने अर्थसंकल्पाला एक पान जोडावे. आरोग्याची किती पदे किती महिन्यांपासून रिकामी आहेत, ठरलेल्या घरभेटींपैकी किती झाल्या, पाण्याचे किती नमुने तपासायचे राहिले, एवढेच त्यावर असावे. आणि संपादक महोदय, ते पान आपण दर वर्षी पहिल्या पानावर छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका