परळच्या त्या सगळ्यांना, मनापासून थँक्यू

माझ्या भाचीची ल्युकेमियाची (रक्ताच्या कॅन्सरची) ट्रीटमेंट परळला टाटा हॉस्पिटलमध्ये चालू आहे, आणि ज्यांची नावंही आम्हाला माहीत नाहीत अशा लोकांचे आभार मानायचेत. पहिले प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) देणारे. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात, फार साठवून ठेवता येत नाहीत, म्हणजे कोणीतरी येऊन तास-दीड तास हाताला सुई लावून बसावंच लागतं, आणि तुम्ही कामं सोडून बसलात!

मग वॉर्डातली ती साताऱ्याकडची ताई, स्वतःचं पोरगं ॲडमिट असताना तिने माझ्या बहिणीला नीट समजावलं की केमोनंतर पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, इन्फेक्शनशी लढायची ताकद नसते, तेव्हा ताप १००.४ ला पोचला की घरी गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी तसंच कॅज्युअल्टीला पळायचं. खरंच त्या सांगण्याने पोरगी वेळेत पोचली.

आणि रात्रपाळीच्या सिस्टर, सुई टोचायच्या आधी दरवेळी तिला काय करणार ते सांगायच्या, दुखणार नाही असं खोटं कधीच नाही बोलल्या, म्हणून ती त्यांच्याकडेच हात पुढे करायची.

आता मेंटेनन्स (आजार परत येऊ नये म्हणून पुढे चालणारी हलकी केमो) चालू आहे, केस परत आलेत. तुमच्यापैकी कोणी हे वाचत असाल तर प्लीज मेसेज करा, तिला तुम्हाला भेटायचंय.