चपड्याचं पॉलिश घासून काढू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या लालबागच्या घरात आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आहे, दिवाळीआधी घराचं काम काढलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने आम्हाला न विचारता त्यावरचं जुनं पॉलिश मशीनने घासून काढलं आणि पीयू (पॉलियुरेथेनचं कृत्रिम पॉलिश) मारून टाकलं. आता ते प्लॅस्टिकसारखं चकाकतं, बघवत नाही.

ते पॉलिश माझ्या वडिलांनी केलेलं होतं, ते पॉलिशवाले मिस्त्री होते. रात्री चपडा स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, सकाळी गाळून घ्यायचे, मग जुन्या धोतराच्या कापडात कापसाचा बोळा बांधून पातळ पातळ हात मारत बसायचे, बोळा चिकटू नये म्हणून मधूनच तेलाचा एक थेंब. पावसाळ्यात शक्यतो काम घेत नसत कारण दमट हवेत पॉलिशवर पांढरट येतं.

हा चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुमच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे राळ सोडतात, ती खरवडून, कुटून, धुवून (धुताना लाल रंग निघतो) लाखदाणा होतो. जुनी पद्धत म्हणजे हा दाणा लांबट कापडी पिशवीत भरून कोळशाच्या धगीपुढे पिळायचा आणि वितळलेली लाख गरम असतानाच हातापायांनी ताणून पातळ पत्रा काढायचा, तो मोडला की चपडा. झारखंड, छत्तीसगडमध्ये भरपूर होते पण आपल्या गोंदिया, गडचिरोलीतही होते हे मुंबईत किती जणांना माहीत आहे? ग्रामोफोनच्या जुन्या 78 आरपीएमच्या रेकॉर्डी यातूनच बनायच्या, आजही औषधाच्या गोळ्या, चॉकलेट, सफरचंद यांना चमक आणायला हीच वापरतात, खाण्याच्या काही पाकिटांवर ई 904 हा तिचा क्रमांक लिहिलेला असतो.

मान्य आहे, गरम कप ठेवला की डाग पडतो. पण तो दुरुस्त होतो हो! स्पिरिटचा ओलसर बोळा हलक्या हाताने फिरवला की वरचा थर विरघळतो आणि पुन्हा बसतो, पीयू एकदा खराब झालं की बहुतेक वेळा सगळं घासूनच काढावं लागतं.

तुमच्या घर-सजावटीच्या पुरवणीत एवढं जरूर छापा, जुन्या फर्निचरला मशीन लावण्याआधी मागच्या बाजूला न दिसेल अशा जागी स्पिरिटचा एक थेंब टाकून बघा, चिकट झालं तर बहुतेक चपडा आहे, मग मशीन लावू नका, हाताने पॉलिश करणारा जुना मिस्त्री शोधा.

- एक वाचक, लालबाग