घसरली ती चांदी, सोने नव्हे

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील रोमन साम्राज्यावरच्या लेखात ‘सम्राटांनी नाण्यांत भेसळ केली आणि साम्राज्य बुडाले’ असे सरसकट विधान आहे. तिसऱ्या शतकातील चांदीच्या नाण्यापुरते ते मान्य, इ. स. २७०च्या सुमारास त्यात चांदी जेमतेम मुलाम्यापुरती उरली होती. सोन्याची गोष्ट मात्र उलट आहे.

चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट कॉन्स्टन्टाइनने ‘सॉलिडस’ हे सोन्याचे नाणे आणले. एका रोमन पौंडात ७२ नाणी, म्हणजे प्रत्येकी सुमारे साडेचार ग्रॅम. ३६०च्या दशकात व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या सम्राट बंधूंनी करापोटी आलेले सोने वितळवून, शुद्ध करून घेण्याची सक्ती केली. त्यानंतरच्या नाण्यांवरची ‘ओबी’ (OB, ‘शुद्ध केलेले सोने’ या अर्थाच्या शब्दाचे लघुरूप) ही अक्षरे त्या शुद्धतेची खूण. त्या काळचा हॉलमार्कच म्हणा ना! साम्राज्याच्या पश्चिम भागात हलकी नाणीही निघाली. ४५८मध्ये सम्राट मेजोरियनच्या कायद्याने करवसुलीत गॉलमधील (आजचा फ्रान्स व आसपासचा प्रदेश) कमी कसाचे सॉलिडस नाकारण्याची मुभा दिली. पण पश्चिमेचे साम्राज्य ४७६मध्ये संपले, तरी पूर्वेच्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलचे (आजचे इस्तंबूल) सोने अकराव्या शतकापर्यंत जवळपास त्याच कसाचे राहिले.

खरा जाच वेगळा होता. कर आणि बड्या अधिकाऱ्यांचे व्यवहार सोन्यात, तर बाजारात सामान्यांच्या हाती मोल घसरत जाणारी तांब्याची चिल्लर. त्या चिल्लरीबद्दल लेखात एक ओळही नाही.

– एक नाणेसंग्राहक वाचक, पुणे