एकाच टॅगचे दोन धनी

सदाशिव पेठ,
पुणे ३०

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांच्या सूचीसाठी तू केलेला एक्सएमएल स्कीमा, म्हणजे फाइलीत कोणते टॅग कोणत्या क्रमाने यावेत याचा नियमसंच, मिळाला आणि तो मी सावकाश, ओळ न ओळ वाचला. टॅगची नावे देवनागरीत ठेवलीस हे फार बरे केलेस. एक्सएमएलला १९९८ पासून ते चालते, तरी आपल्याकडे अजून कित्येकांना ते खरे वाटत नाही. फाइली आणि स्कीमा तपासणारा व्हॅलिडेटर स्कीमा संदिग्ध असल्याच्या ज्या तक्रारी करतो आहे त्यांचा देवनागरीशी काही संबंध नाही. इंग्रजी नावे दिली असतीस तरी त्या आल्याच असत्या.

तक्रारीचे मूळ एकाच नियमात आहे. दस्तऐवज वाचताना समोर एखादा टॅग आला, की तो स्कीमातल्या नेमक्या कोणत्या घोषणेचा, हे पुढचे काहीही न पाहता ठरले पाहिजे. हा नियम एक्सएमएलची पूर्वज असलेल्या एसजीएमएलच्या १९८६ च्या मानकातून चालत आला आणि २००१ च्या एक्सएसडीमध्ये, म्हणजे तू वापरलेल्या स्कीमा भाषेत, ‘युनिक पार्टिकल अ‍ॅट्रिब्यूशन’ या भारदस्त नावाने कायम झाला. रिलॅक्स एनजी या दुसऱ्या स्कीमा भाषेने तो सोडूनच दिला, म्हणजे तो काही निसर्गनियम नव्हे. परंतु तुला स्कीमावरून जावाचे क्लास तयार करून घ्यायचे आहेत, तेव्हा एक्सएसडीच धरून चालणे शहाणपणाचे.

तुझ्या ‘नोंद’ या एलिमेंटमध्ये, म्हणजे त्या टॅगने बांधलेल्या घटकात, दोन पर्याय आहेत: स्वतंत्र लेखनासाठी शीर्षक, लेखक, पृष्ठ, आणि अनुवादासाठी शीर्षक, मूळलेखक, अनुवादक, पृष्ठ. दोन्हींची सुरुवात शीर्षकाने होत असल्यामुळे ‘शीर्षक’ दिसताच फाइल वाचणाऱ्या पार्सरला आपण कोणत्या वाटेवर आहोत ते कळत नाही. येथे शीर्षक पर्यायाच्या बाहेर पुढे काढ, पृष्ठही बाहेर शेवटी ने, आणि मध्ये एवढीच निवड ठेव की एक तर लेखक, नाही तर मूळलेखक व अनुवादक अशी जोडी. दस्तऐवजात काही बदलत नाही, आणि तक्रार मिटते.

‘संपादक’ या टॅगचे प्रकरण मात्र इतके सरळ नाही. तू आधी एक ऐच्छिक संपादक ठेवला आहेस, त्याच्यामागे एक अनिवार्य संपादक, आणि तुझ्या टिपणावरून दिसते की पहिला म्हणजे अतिथी संपादक. अंकात एकच संपादक असेल तर तो यांतला कोणता? ‘किमान एक, कमाल दोन’ असे लिहिले तर व्हॅलिडेटर गप्प बसेल, हे खरे. पण अतिथी कोण आणि नेहमीचा कोण, हा भेद केवळ क्रमावर उरेल आणि एकटा अतिथी संपादक असलेला अंक आला की तोही जाईल. म्हणून येथे ‘अतिथीसंपादक’ असे वेगळे नावच दे. शिवाय अतिथी संपादकाला तू वेगळा टाइप, म्हणजे आशयाचा वेगळा प्रकार, दिला आहेस, आणि एकाच आशयरचनेत एकाच नावाच्या दोन एलिमेंटांना दोन निरनिराळे टाइप देणे एक्सएसडीला मुळातच मान्य नाही. तो नियम स्वतंत्र आहे आणि पहिली अडचण सोडवल्यावर तो तुला नक्कीच अडवील. माझे मत असे, की संदिग्धता दिसली की लगेच रचना फिरवायला बसू नये. आधी त्या दोन जागी आपल्याला एकच वस्तू अभिप्रेत आहे की दोन, ते विचारावे. एक असेल तर जागा एक करावी, दोन असतील तर नावे दोन करावीत.

अनुक्रमणिकेत लेख आणि जाहिराती कशाही क्रमाने याव्यात, पण शेवटी जाहिरातच असावी, ही तुझी अट रास्त आहे. मलपृष्ठ कुणी रिकामे सोडत नाही. ‘लेख किंवा जाहिरात कितीही वेळा, मग जाहिरात’ असे लिहिले की प्रत्येक जाहिरातीपाशी ती शेवटची की मधली, असा प्रश्न उभा राहतो. त्याऐवजी ‘शून्य किंवा अधिक लेख आणि मग एक जाहिरात’ हा गट एक किंवा अधिक वेळा, असे लिही. नेमके तेच क्रम स्वीकारले जातात आणि संदिग्धता राहत नाही. तू सुचवलेली पर्यायी अट, म्हणजे शेवटून दुसरी नोंद जाहिरात असावी आणि शेवटची काहीही चालेल, ही मात्र अशा कोणत्याही फिरवाफिरवीने बसणार नाही. असे असंदिग्ध रूप अस्तित्वातच नसते, हे ब्र्यूगेमान-क्लाइन आणि वुड या संगणकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये सिद्ध केले आहे. तेव्हा त्यापायी रात्र जागवू नकोस. शेवटच्या दोन पानांना ‘मलपृष्ठे’ अशा एका वेष्टनात घाल. छापखान्यातही ती पाने वेगळीच धरली जातात.

शेवटी ‘काहीही चालेल’ अशी जी मोकळी जागा ठेवली आहेस, ती ऐच्छिक ‘तळटीप’नंतर येते, म्हणून तळटीप दिसली की ती दोहोंत बसते. २०१२ च्या एक्सएसडी १.१ मध्ये अशा वेळी नाव दिलेल्या एलिमेंटला प्राधान्य मिळते; पण लिबएक्सएमएल२ आणि डॉटनेट यांतले व्हॅलिडेटर अजून १.० वरच आहेत, आणि सूची कोण कशाने उघडील याचा नेम नाही. ती जागा फक्त परक्या नेमस्पेससाठी, म्हणजे दुसऱ्या नावसंग्रहातल्या टॅगांसाठी, ठेव.

एक बारकी गोष्ट राहिली. ‘वऱ्हाडीकथा’ हा टॅग तुझ्या स्कीमात ऱ या अक्षराने लिहिला आहे आणि नमुना फाइलमध्ये साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण एक्सएमएल नावे कोडबिंदूंनुसार, म्हणजे अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांनुसार, ताडून पाहते, त्यामुळे तिच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. ‘असे एलिमेंट अपेक्षित नाही’ ही जी चूक तुला सारखी येते आहे ती त्यामुळेच. सर्व फाइलींत ऱ कायम कर.

एवढे बदल झाले की अतिथी संपादक असलेला एक, अनुवाद असलेला एक आणि जाहिरातीच जाहिराती असलेला एक, असे तीन अंक भरून सुधारित स्कीमासह पाठव. झर्सेस आणि लिबएक्सएमएल२ या दोन्ही व्हॅलिडेटरांवर चालवून पाहतो आणि कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र