खालचं वाचत बसलं की चेहरे सुटतात

बंगळुरू,
२ जानेवारी २०२५

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

आई, हे पत्र तू मोठ्यानं वाच. बाबा "ठेव तिथं, मी नंतर वाचतो" म्हणतील, पण तू ठेवू नकोस. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, एकाआड एक ओळ लिहिलीय, तरी तूच वाच. हे फोनवर बोलायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा बाबांनी "तिकडं थंडी किती आहे" असं विचारून फोन तुझ्या हातात दिला.

सांगायचं ते आधी सांगून टाकते. बाबांच्या डोळ्यांचं मी ठरवलंय. सोमवारी २० तारखेला तपासणी आणि भिंगाची मापं, आणि डॉक्टर हो म्हणाले की गुरुवारी २३ ला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. तिथंच कोल्हापुरात, घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. नाव नोंदवलंय, माझी रजा मंजूर झालीय, १८ च्या रात्रीच्या बसचं तिकीट काढलंय. दादाशी बोलले, त्याचंही हेच म्हणणं आहे.

बाबा, तुम्हाला न विचारता ठरवलं. मला ते बरं वाटत नाहीये. ह्या घरात तुम्हाला न विचारता कधी काही झालं नाही, माझं लग्नसुद्धा. पण विचारलं असतं तर संक्रांत होऊ दे म्हणाला असता. मग शिमगा. मग उन्हात डोळ्याचं करू नये, मग पावसात करू नये, मग गणपती. असं करत दोन वर्षं गेली आहेत. २०२२ साली चष्मा बदलताना डॉक्टरांनी मोतीबिंदू सुरू झालाय असं लिहून दिलं होतं आणि तो कागद हॉलमधल्या कॅलेंडरच्या मागं आहे, हे मला काल कळलं. आईला रागवू नका. मी फार खोदून विचारलं म्हणून तिनं सांगितलं.

मला कसं कळलं ते सांगते. वहीतून कळलं.

मागच्या दिवाळीच्या आधी माळा साफ करताना तुमच्या जुन्या डायऱ्या सापडल्या, आठवतं? बँकेच्या, तांबड्या पुठ्ठ्याच्या. मागच्या पानांवर प्रत्येक वर्षीच्या सिनेमांची यादी. तारीख, सिनेमा, टॉकीज, सोबत कोण, आणि एका शब्दाचा शेरा. 'ठीक.' 'बरा.' 'उत्तम.' १९७५ मध्ये 'सामना' दोनदा, आणि पुढं तुम्ही नेहमीपेक्षा लांब लिहिलंय, 'डॉ. लागू की निळू फुले, सांगता येत नाही.' १९७७ मध्ये 'जैत रे जैत', आणि सोबतच्या रकान्यात पहिल्यांदा 'सौ. सह'. त्या वर्षीच्या पुढच्या सगळ्या ओळींत 'सौ. सह' आहे. मग दादा झाल्यावर 'सौ. आली नाही, बाळाला ताप.' आणि १९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी', 'चौघेही. मनू मध्यंतरात दोन वडे खाऊन झोपली.' बाबा, मी झोपले नव्हते. तुम्ही खांद्यावर घेऊन घरापर्यंत न्यावं म्हणून डोळे मिटून पडले होते. रंकाळ्यावरचा गार वारा लागत होता आणि तुमच्या सदऱ्याला पावडरचा वास येत होता. हे छत्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

१९९४ नंतर पानं कोरी आहेत. का ते मला ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही.

त्या याद्या बघूनच मी १ जानेवारी २०२४ ला वही घातली. इथं ऑफिसातली मुलं ह्यासाठी मोबाईलवर ॲप वापरतात, त्यात तारे देता येतात. मी आठवडाभर करून पाहिलं. पण त्यात 'सोबत' हा रकाना नव्हता आणि मला तोच हवा होता. म्हणून दोनशे पानी वही, तुमच्याच पद्धतीनं रेघा मारून. स्वतःला नियम घातले. पूर्ण पाहिलेला सिनेमाच लिहायचा. पुन्हा पाहिला तर पुन्हा लिहायचा, कारण आपण तेच राहिलेलो नसतो. मध्ये अर्ध्या तासाहून जास्त डोळा लागला तर तो धरायचा नाही. आणि झोपण्याआधी लिहायचं, सकाळवर टाकायचं नाही, कारण सकाळी शेरा शहाणा होतो. हा शेवटचा नियम पाळायला फार जड गेला, पण त्याच नियमामुळं वहीत खरं उतरलं.

वर्षात ७१ झाले. थिएटरात ९, बाकी घरी. ३१ तारखेच्या रात्री सगळे झोपल्यावर मी वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. कोणता सिनेमा सगळ्यात आवडला ते ठरवायचं होतं. ते राहिलंच बाजूला.

पाडव्याला मी आले होते तेव्हा आपण 'किल्ला' पाहिला. कोकणातला पाऊस, हिरवं शेवाळ, निळाकरडा समुद्र. ज्यानं दिग्दर्शन केलं त्या अविनाश अरुणनंच कॅमेराही केलाय, आणि एकेक चित्र असं की थांबवून बघावं. माझ्या वहीत शेऱ्यात आहे, 'बाबांना रंग आवडले नाहीत. सगळं पिवळट मळकट काढलंय म्हणाले.' मला वाटलं, आवड निराळी.

मे महिन्यात तुम्ही इथं आलात तेव्हा थिएटरात गेलो. तो सिनेमा लक्षात राहण्यासारखा नव्हता. शेरा आहे, 'बाबा पायऱ्या उतरताना थांबले. बाहेर गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसतात म्हणाले. जागरणामुळं असेल.' जागरणामुळं असेल हे मीच लिहिलंय बाबा, माझ्याच हातानं.

आणि ह्या दिवाळीत मी हट्टानं लावलेला 'टोकियो स्टोरी'. १९५३ चा, ओझू ह्या दिग्दर्शकाचा, जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. तुम्ही चष्मा काढून मांडीवर ठेवलात. मी म्हटलं, अहो बाबा, वाचणार कसं? तर म्हणालात, "खालचं वाचत बसलं की चेहरे सुटतात." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते हिरव्या शाईनं लिहिलं आणि भोवती चौकट काढली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोघांना ऐकवलं, माझे बाबा असं म्हणाले म्हणून.

३१ च्या रात्री पाडवा, मे आणि दिवाळी अशा तिन्ही नोंदी एकामागोमाग वाचल्या तेव्हा कळलं. तुम्हाला ती अक्षरं दिसतच नव्हती. दोन तास सोळा मिनिटं तुम्ही न वाचता, भाषा न कळता, माझं मन मोडू नये म्हणून बसून राहिलात.

मला खूप रडू आलं. तुम्ही लपवलंत म्हणून नाही. अण्णांच्या ऑपरेशनच्या वेळचं तुमच्या डोळ्यांसमोर असणार, हे मला समजतं. मिरजेला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, कूस बदलायची नाही, आणि नंतर तो जाड भिंगाचा चष्मा, ज्यातून ते आपल्याकडं बघायचे तेव्हा डोळे केवढे तरी मोठे दिसायचे. पण बाबा, तेव्हा डोळ्यात आत भिंग बसवत नव्हते. आता दोन-तीन मिलिमीटरचा छेद घेतात, आतलं गढूळ भिंग ध्वनिलहरींनी फोडून ओढून काढतात आणि त्याच छेदातून घडी केलेलं नवं भिंग आत सोडतात. ते आत जाऊन उलगडतं. टाका सहसा लागत नाही. इंजेक्शनही बहुतेक वेळा नसतं, थेंब टाकून डोळा बधिर करतात. सगळं नीट असलं की पंधरा-वीस मिनिटं, आणि संध्याकाळी तुम्ही आपल्या घरी, आपल्या कॉटवर. पूर्वी मोती पिकायची वाट बघायचे, आता उलट आहे. फार पिकला की कडक होतो आणि काढायला अवघड जातो. ऋतूचाही काही संबंध राहिलेला नाही. आणि आई, पौष आहे हे मला माहीत आहे. पौषात लग्नं करत नाहीत, पण पौषात डोळे बरे करू नयेत असं काही नाही. अमावास्या २९ ला आहे, ती नंतर येते.

'टोकियो स्टोरी'तली एक गोष्ट राहिलीय, ती लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्यात म्हातारे आई-बाप मुलांकडं येतात. मुलं वाईट नसतात, नुसती कामात असतात, आणि वर्गणी काढून त्यांना आटामीला पाठवून देतात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाला. तिथं रात्रभर दंगा, दोघांना झोप नाही. मे महिन्यात तुम्ही दहा दिवसांसाठी आलात आणि त्यातले चार दिवस मी तुम्हाला उटीला पाठवलं. हॉटेल चांगलं होतं, खोलीतून डोंगर दिसत होता, मी गाडी करून दिली होती. कामाचं खरंच फार होतं, हे तुम्हालाही माहीत आहे. पण तो सीन आला तेव्हा तुम्ही दोघं काहीच बोलला नाहीत, आणि आईनं माझ्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली.

माझ्या वहीत सोबतच्या रकान्यात ३८ वेळा 'एकटी' आहे, २१ वेळा जावईबापू, सहा वेळा पिल्लू, आणि सहा वेळा तुम्ही.

आता दोघांनी नीट ऐका. बाबा, रात्री लघवीच्या त्रासासाठी घेता त्या टॅमसुलोसिन गोळीचं पाकीट २० तारखेला बरोबर घ्यायचं आणि डॉक्टरांना स्वतःहून दाखवायचं. ती गोळी घेणाऱ्यांची बाहुली ऑपरेशनच्या वेळी हवी तशी मोठी राहत नाही. आधी कळलं की डॉक्टर तशी तयारी ठेवतात. आपल्या मनानं ती बंद करायची नाही. साखर तपासून रिपोर्ट हातात हवा, म्हणून तिळगूळ एकच. एक म्हणजे एक, शेजारच्या काकूंकडचा धरून. ऑपरेशननंतर डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी नाही, बादली उचलायची नाही, देवपूजेला काही दिवस उदबत्ती लांब. रात्री झोपताना डोळ्यावर जाळीची झाकणी लावायची. थेंब महिना-दीड महिना चालतात, हळूहळू कमी होत जातात. त्याचा तक्ता मी मोठ्या अक्षरात करून आणतेय, फ्रिजवर लावू. दाढी मी करून देईन. हसू नका, अण्णांची तुम्ही करत होता की. डावा डोळा काही आठवड्यांनी, त्यालाही मी येईन. घरची काळजी करू नका, पिल्लूच्या आजी येऊन राहणार आहेत इथं.

पेपर मी वाचून दाखवीन, अग्रलेखापासून, तुम्हाला आवडतो तसा. आणि टीव्ही बघायला मनाई नसते, हे मी आधीच विचारून घेतलंय.

आई, आता तुझं. हे पण मोठ्यानंच वाच, गाळू नकोस. त्या सहा सिनेमांपैकी एकही तू पूर्ण पाहिलेला नाहीस. माझ्या नियमानं मला तुझं नाव लिहिता येत नव्हतं, म्हणून मी कंसात लिहिलंय. '(आई, पहिली वीस मिनिटं.)' '(आई, शिट्टी होईपर्यंत.)' '(आई, शेवटी येऊन विचारलं, मुलगा सापडला का?)' बाबांच्या डायऱ्यांत तू 'सौ. सह' होतीस, पूर्ण होतीस. मग आम्ही झालो आणि तू स्वयंपाकघरात गेलीस ती गेलीसच. म्हणून ते पंधरा दिवस स्वयंपाकाला बाई सांगितलीय. तुझी भांडी तुझ्या जागेवरच राहतील, मिसळणाचा डबा कुणी हलवणार नाही, चटणी तूच केलेली वापरायची, हे सगळं तिला सांगितलंय. तू तिच्यामागं उभी राहू नकोस. तुझ्या गुडघ्यालाही तेवढीच विश्रांती. रागावलीस तर रागाव, पण बस.

डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिला सिनेमा 'किल्ला' लावायचा. बाबा, तो मळकट नाहीये. तो हिरवा आहे, ओल्या भिंतीवरच्या शेवाळाचा असतो ना तसा हिरवा. ते एकदा तुम्ही बघायला हवं. त्यानंतर तुम्ही म्हणाल तो लावू, कितीही जुना असू दे, मी शोधून ठेवते.

येताना २०२५ ची डायरी आणतेय. रेघा मारायच्या राहिल्यात. तुमची ती लाकडी पट्टी कपाटात वरच्या कप्प्यात आहे ना?

तुमची,
मनू

ता. क. आई, कॅलेंडरमागचा तो कागद आजच काढून फाइलीत घाल. कॅलेंडर आता नवीन लावशील आणि जुन्याबरोबर तो रद्दीत जाईल.