शिक्षक होण्याची दुसरी वाट : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : शाळेत काम करत शिक्षकाची पात्रता मिळवण्याच्या कायदेशीर मार्गाबाबत.

महोदय,

अक्राणी, भामरागड किंवा धारणी तालुक्यातल्या पाड्यावरचे मूल पहिलीत येते तेव्हा पावरी, माडिया किंवा कोरकू बोलत येते, आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाला अनेकदा ती भाषा येत नसते. त्याच पाड्यावर दोन्ही भाषा सहज बोलणारा, बारावी झालेला एखादा तरुण किंवा तरुणी असते. मात्र तिला शिक्षिका व्हायचे तर घर सोडून दोन वर्षांची अध्यापन पदविका (डी.एड.), त्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी आणि शेवटी शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल, एवढे सगळे पार करावे लागते. यातली कोणतीही अट शिथिल करावी, अशी माझी मागणी नाही. त्याच अटी शाळेत सहायक म्हणून मानधनावर काम करत पूर्ण करता येतील असा दुसरा मार्ग राज्याने पुढाकार घेऊन मान्य करून घ्यावा, एवढीच विनंती आहे. अध्यापक विद्यालयात अध्यापकाचार्य म्हणून काम केलेले असल्याने या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी मानतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो डी.एड., बी.एड. झालेल्या बेरोजगारांचा, आणि तो अगदी रास्त आहे. मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षक भरती थांबवली, पवित्र पोर्टलसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी थेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, आणि मधल्या काळात पदविका घेऊन बसलेल्यांची वये उलटत गेली. (आमच्या अध्यापक विद्यालयांचे वर्ग ओस पडले ते उगाच नव्हे.) त्यामुळे नवा मार्ग सरसकट खुला करणे हा या मंडळींवर अन्याय ठरेल. तो फक्त मुलांची घरची भाषा मराठी नाही अशा पाड्यांवरील पहिली ते पाचवीच्या शाळांपुरता असावा, आणि ती भाषा जाणणारा पदविकाधारक उपलब्ध असेल तर आधी त्याचीच नेमणूक व्हावी.

दुसरा आक्षेप असा की, अप्रशिक्षित माणसांच्या हाती मुले सोपवू नयेत. येथे आपल्याच राज्यातील वस्तीशाळांचा अनुभव आठवावा. या शतकाच्या सुरुवातीला सुरू झालेल्या त्या योजनेत दरमहा अवघ्या १००० रुपयांच्या मानधनावर गावातलेच तरुण वस्तीवर शिकवू लागले. अनेकांनी शिकवता शिकवता पत्रद्वारा डी.एड. पूर्ण केले आणि २०१४ मध्ये त्यांना नियमित शिक्षक म्हणून सामावून घेण्यात आले. म्हणजे काम करत शिक्षक होण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. त्या योजनेत वाईट काय होते, तर मानधन आणि अनिश्चितता. निमशिक्षक या नावाखाली माणसांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले, आणि त्यांच्या प्रशिक्षणाकडे लक्ष गेले तेही उशिरा.

केंद्राच्या पातळीवर अशा वाटा काढल्या गेल्या तेव्हा काय झाले, हे अधिक गांभीर्याने पाहावे लागेल. शिक्षण हक्क कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने देशभरातील अप्रशिक्षित सेवारत शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत मिळाली आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत त्यांनी अठरा महिन्यांची पदविका घेतली. पुढे ती पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची आहे की नाही, यावर वाद झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तशी नसल्याचे सांगितले आणि डिसेंबर २०२४ मध्ये, २०१७ च्या दुरुस्तीच्या वेळी सेवेत असलेल्यांना दिलासा दिला. बी.एड. धारकांचेही तेच झाले. जून २०१८ च्या अधिसूचनेने सहा महिन्यांच्या जोड अभ्यासक्रमाच्या अटीवर त्यांना पहिली ते पाचवीचे दार उघडले, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालयाने ते बंद केले. दोन्ही वेळी चूक धोरण आखणाऱ्यांची होती आणि टांगणीला लागले ते उमेदवार. कालावधी कमी करून काढलेली वाट न्यायालयात टिकत नाही, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे.

म्हणून माझा प्रस्ताव कालावधी वाढवण्याचा आहे. निवडलेल्या उमेदवाराने तीन वर्षे पाड्यावरच्या शाळेत, नियमित शिक्षकाच्या हाताखाली, भाषा-सहायक म्हणून काम करावे. वर्गाची स्वतंत्र जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. सुट्ट्यांमध्ये आणि ठरावीक शनिवारी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत त्याचे वर्ग व्हावेत, अभ्यासक्रम आणि परीक्षा नियमित पदविकेचीच असावी, आणि शिक्षक पात्रता परीक्षेतून कोणतीही सूट नसावी. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर सेवेतल्या जुन्या शिक्षकांनाही ती परीक्षा द्यावी लागत असताना नव्यांना सूट मागणे शोभणारही नाही. मानधन मात्र प्राथमिक शिक्षणसेवकाला मिळणाऱ्या १६,००० रुपयांपेक्षा फार कमी नसावे, नाहीतर तो तरुण ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाईल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये स्थानिक कलावंत व कारागिरांना शाळेत आणण्यासाठी छोट्या प्रशिक्षणाची कल्पना आहे, ग्रामीण विद्यार्थ्यांना चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी शिष्यवृत्ती देण्याचीही आहे. दोन्ही चांगल्या आहेत. पण पहिली नियमित शिक्षक घडवत नाही आणि दुसरी पाड्यावरच्या मुलीला पुन्हा शहरातच पाठवते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ नुसार किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्याकडे नाही, तो राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे आहे, याची मला जाणीव आहे. म्हणूनच शासन निर्णय काढून योजना जाहीर करण्याची घाई नको. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने या तीन वर्षांच्या पदविकेचा आराखडा तयार करावा, राष्ट्रीय परिषदेची लेखी मान्यता मिळवावी आणि त्यानंतरच पहिला प्रवेश द्यावा. सुरुवातीला नंदुरबार आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे घेतले तरी चालेल. आराखडा तयार करण्याची सूचना आपण राज्य परिषदेला कधी देणार, हे जाहीरपणे कळवावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अध्यापकाचार्य